जानेवारीची मोजणी

थर्मॉसच्या झाकणात चहा ओतता ओतता
एनिड थॅकरे म्हणते, "बोलू नकोस, चुकेल."
वाळू उपसून उरलेली ही तळी, ट्रेंट नदीच्या काठची,
रात्रीत गोठलेली. मधे फक्त एक भोक,
चांदव्यांनी पाय मारमारून उघडं ठेवलेलं.

अंगठ्याखाली मोजणीयंत्र टिकटिकतं:
चांदवे एकशे बारा. शेंडीबदकं चाळीस.
एक बुडी मारतं. ती थांबते,
ते वर येईपर्यंत श्वास घेत नाही.

डेरेक असता तर म्हणाला असता, एक्केचाळीस.
सव्वीस वर्षं दोघं भांडली
ह्या एका बदकावरून.

कियरन, यंदा दहावीतला, बोटं बगलेत कोंबून विचारतो,
"लालसरी नाहीच दिसली, तर रकाना सोडायचा ना?"
"सोडायचा नाही."
पेन गोठलंय. ती खिशातून पेन्सिल काढते,
टोक दातांनी सोलते
आणि लालसरीपुढे शून्य काढते,
गोल, सावकाश,
आत जागा ठेवून.

पलीकडे लव्हाळ्यात काहीतरी हललं.
"वारा असेल," कियरन म्हणतो.
चहावर साय धरलीय.
ती दुर्बीण खाली घेत नाही.