दोनदा मोजलेलं वर्ष

पाद्री ओर्लिंदनी मला बोलावलं ते माझ्या पट्टीसाठी.
भूमापन खात्यात तीस वर्षं शेतांच्या मेरा आखल्या,
रेषा माझी हलत नाही.
चांदरला, त्यांच्या बलकांवाजवळच्या लांब टेबलावर
कागद अंथरला: डावीकडे यहूदा, उजवीकडे इस्राएल,
एका वर्षाला एक सूत.

रहबाम, अबीया, आसा.
यराबाम, नादाब, बाशा.
जिम्री आला सात दिवसांचा;
त्याच्याहून माझी निब जाड.
"टिंब द्या," पाद्री म्हणाले.

अहज्या गादीवर बसला तेव्हा
एका पुस्तकात बावीस वर्षांचा, दुसऱ्यात बेचाळीस,
म्हणजे मेलेल्या बापाहून दोन वर्षांनी थोरला.
आम्ही दोघेही हसलो, मग हसणं थांबलं,
कारण येहूनं दोन्हीकडचे राजे एकाच दिवशी मारले
आणि माझ्या कागदावर उजवा तीन सुतं पुढे.

पुन्हा मोजलं. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

"तिकडे बाप मेला ते वर्ष
बापाचंही धरत, मुलाचंही."
मी म्हटलं, आमच्याही दफ्तरात आहे तसं:
एकसष्ट साल अठरा डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजमध्ये,
मग पाच ओळी कोऱ्या,
मग पुन्हा एकसष्ट, इंग्रजीत, जेमतेम दहा-बारा दिवसांचं.
खाली वडिलांची सही. दोन्हीकडे तीच.

मग अथल्या. सहा वर्षं.
ती गादीवर बसली तेव्हा किती वर्षांची होती,
ही सगळ्यांना मिळालेली ओळ तिला नाही.
"तुटक रेषा काढा," पाद्री म्हणाले, "ती वंशातली नव्हे."

पेजेचं ताट घेऊन त्यांची बहीण उभी होती.
बाप गेल्यावर बेर्नार्द नैरोबीहून येईपर्यंत
नऊ वर्षं मानशीची चावी अर्मिंदबायच्या कमरेला होती.
भरतीला दार कधी पाडायचं, कुळांना किती सोडायचं,
फुटलेल्या बांधावर रात्री कंदील कोणी धरायचा.
त्या खाजनाचा नकाशा मीच काढला होता.
मालकाच्या रकान्यात बाप, त्याखाली बेर्नार्द,
मध्ये मी जागासुद्धा सोडली नव्हती.

"तिनं नातवंडं मारली ना?" तिनं विचारलं.
"हो."
"मी कोणाला मारलं नाही,
एवढं धरा."

पाद्री चष्मा पुसत राहिले.
मी निब बुडवली, पट्टी दाबली,
अखंड ओढली. सहा सुतं.
शाई दाट होती, वाळायला वेळ लागला.
तोवर पेज निवली.