गट ब

परळच्या आमच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
क्ष-किरण विभागाच्या मागे एक खोली आहे.
दारावर पाटी : संशोधन.
खाली खडूनं : चपला बाहेर.

आत दोन प्रकारच्या सुया.
एक शिरते.
दुसरी शिरल्यासारखं करते.
टोक बोथट, दांडी पोकळ,
दाबली की आपल्यातच मागे सरते,
ओहोटीला शिवडीच्या चिखलात
खेकडा सरतो तशी.

कुणाला कुठली, हे फक्त डॉक्टर पेरीन घडियालींना ठाऊक.
मला नाही. पेशंटला तर नाहीच.
माझं काम पडद्याबाहेरचं :
शून्य ते दहा, आज गुडघा किती दुखतोय?

लोक सांगतात, सहा. सात.
कुणी भिडेखातर पाच.
अनुक्रमांक सत्तेचाळीस, कुमुदिनी पटवेकर, वय एकोणसत्तर,
आकडा देत नसत.
‘‘जिना उतरताना मुंगी, चढताना मुंगळा.’’
मुंगळा म्हणजे आठ धरू?
‘‘तुम्ही शिकलेले. तुम्ही ठरवा.’’
मी सात लिहायचो.

चाळीस वर्षं भुलेश्वरच्या एका गाळ्यात
त्यांनी मंगळसूत्रं ओवली,
दोरा पायाच्या अंगठ्याला ताणून.
काळे मणी, वाट्या, पुन्हा काळे मणी.
दुसऱ्यांच्या संसारांना पक्की गाठ मारून दिली,
गुडघे मात्र तिथंच राहिले, दुमडलेले.
हे सगळं मला त्यांनी रांगेत बसल्या बसल्या सांगितलं.
अर्जात त्याला रकाना नव्हता.

आठव्या खेपेला मुंगळ्याची मुंगी झाली.
बाराव्या खेपेला म्हणाल्या,
‘‘मुंगी गेली. तिची वाट तेवढी राहिलीय.’’
मी दोन लिहिले, खोडले, तीन लिहिले.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रश्न :
आपल्याला खरी सुई मिळाली असं वाटतं का?
हो. नाही. सांगता येत नाही.
त्यांनी तिसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली,
नीट, चौकोनाबाहेर न जाता.

मग दारात चप्पल शोधताना :
‘‘शिरली नाही हो ती. एकदाही.
चाळीस वर्षं बोटांत सुई गेलीय माझ्या,
नखाखाली गेलीय.
पहिल्याच दिवशी कळलं.’’

मग सांगता येत नाही, असं का लिहिलंत?

‘‘कळत होतं. सांगता येत नव्हतं.
नाव कापलं असतंत माझं.’’

पण मग दुखणं कमी कसं झालं?

‘‘ते तुम्ही शोधा. पगार तुम्हाला मिळतो.’’

लिफ्ट चालू होती.
त्या जिन्यानं गेल्या.

सप्टेंबरात लिफाफे फोडले. सत्तेचाळीस : गट ब.
खरी सुई, खोटी सुई, दोन्ही गटांचे गुडघे
जवळजवळ सारखेच हलके झाले होते.
ज्यांना नुसती पुढची तारीख दिली होती
ते मात्र होते तिथंच.
डॉक्टर घडियाली बराच वेळ आलेखाकडे बघत राहिल्या,
म्हणाल्या, चहा सांग.

त्या चहाच्या वेळी मी नियमभंगाचा कागद भरला.
कारण : सहभागी व्यक्तीस सुई ओळखता येते.
समितीकडून एका ओळीत उत्तर आलं :
अशा आणखी किती?

वजन विचारलं होतं आपण. साखर, रक्तदाब,
रजोनिवृत्तीचं वर्षसुद्धा.
धंदा नाही विचारला.
या शहरात, जिथं मदनपुऱ्यात जरी भरतात,
दादरला पहाटे चारपासून फुलं ओवतात,
आणि आमच्याच तळमजल्यावर
निवृत्त परिचारिका गुडघा धरून बसलेल्या असतात.

तेव्हा आता रोज दुपारी दोन ते चार
मी एकेक नंबर फिरवतो.
हॅलो, परळहून बोलतोय, संशोधन विभाग.
नाही, नाही, रिपोर्ट ठीक आहे.
एक विचारायचं राहिलं होतं.
तुमच्या हातात कधी सुई होती का?

पलीकडे आधी कुकरची शिट्टी,
मग कुणीतरी हसतं.