सात लिफ्टा, सात वार

माझ्याकडं सात लिफ्टा.
ताराबाई पार्कात तीन, रुईकर कॉलनीत एक,
राजारामपुरीत दोन, त्यातली एक दवाखान्याची,
आणि लक्ष्मीपुरीतल्या कापडदुकानातली ती मालाची,
जिच्या जाळीत माझं डाव्या अंगठ्याचं नख गेलं.

सातही म्हाताऱ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा
प्रत्येक बसणार म्हणजे बसणार.
त्याची तक्रार नाही, त्यावरच चूल पेटते.
तक्रार ही, की मंगळवारी तिघी एकदम बसायच्या,
ग्रीसचे हात घेऊन मी दसरा चौकात, इकडं जाऊ का तिकडं,
कानाला पाचव्या मजल्यावरच्या मधुमती वहिनी:
'मगदूम, येताय की आम्ही खालीच संसार मांडू?'
आणि बुधवारी कोण नाही.
बुधवारी पायरीवर चहा, आणि मुका फोन.

त्रिशला तेव्हा विद्यापीठात, संख्याशास्त्राला.
म्हटलं, सात लिफ्टा, सात वार,
एकेकीनं एकेक घेतला तर काय बिघडतंय?
'थांबा, मांडून दाखवतो,' म्हणाली,
आणि गुळाच्या पावतीमागं मांडलं:
पहिलीला कुठलाही वार चालतो, सातातले सात.
दुसरीनं पहिलीचा सोडायचा, सातातले सहा.
तिसरीला पाच.
'असं करत शेवटची येती तेव्हा एकच वार शिल्लक,
भरल्या एस.टी.तल्या एका सीटसारखा,
आणि तिला ते ठाऊकच नाही.'
गुणत गेली. पेन थांबलं.
'सातही बसल्या असले एकशे त्रेसष्ट आठवडे घ्या, अप्पा.
त्यातला एखादाच तुम्ही म्हणताय तसला.'

म्हटलं, लिफ्टा काय ठरवून एकत्र बसतात व्हय?
'ठरवत नाहीत म्हणूनच की.
ठरवलं असतं तर रांग लावली असती.'

आणि वीज गेली की सगळ्याच झटका खातात, त्याचं?
'ते वेगळं गणित. त्यात तुमचे आणखी हाल.'
पावतीची घडी माझ्या खिशात.

मग ती बेळगावला नोकरीला लागली.
जुलैत आली, आठ दिवस राहतो म्हणाली.
(आठवडा म्हणायचं, आठ दिवस म्हणायचं,
मोजायला गेलं तर सातच भरतात.)
एक दिवस पन्हाळ्याला जायचं, एवढंच ठरलेलं.
कणीस, धुकं, आणि काही न बोलता बसणं.

सोमवारी दवाखान्याची बसली.
मंगळवारी ताराबाई पार्क, एकच.
बुधवारी मालाची, आत सुताचे तागे आणि ताग्यांवर झोपलेला हमाल.
मी रोज म्हणायचो, आज आटपलं की उद्या मोकळा.
उद्याला एक असायचीच. एकच. तासा-दोन तासांचं काम,
पण पन्हाळा त्या दोन तासांपलीकडं.
रविवारी दशम्या बांधून झालेल्या,
त्रिशलाची चप्पल पायात,
आणि मधुमती वहिनी.

ती उंबऱ्यावरच बोटं मोजत राहिली.
मग एकदम टाळी.
'आला की अप्पा! तुमचा आठवडा आला!'

दशम्या आम्ही मशीनरूममध्ये खाल्ल्या,
मोटरीच्या गरम पाठीला टेकून.
झरोक्यातून वायव्येला ढग दिसत होते.
'तिकडंच कुठंतरी पन्हाळा,' ती म्हणाली,
आणि लसणाची चटणी माझ्याकडं सरकवली.

तिची गाडी सुटल्यावर स्टँडवर उभ्या उभ्या ध्यानात आलं:
दोघी एका वारावर पडल्या
तरच कुठला तरी वार रिकामा राहतो.
इतकी वर्षं मी जो मागत होतो
त्यात बुधवारचा चहा नव्हता.

आता मंगळवारी तीन फोन एकदम आले
की शिव्या घालतोच, धावतोच, चौकात अडकतोच.
पण सिग्नलला थांबलो की बेळगावला लावतो:
पोरी, आज तिघी पडल्यात.
म्हणजे पुढं कुठंतरी एक वार सुटलाय बघ.
कुठला ते विचारू नकोस.
पिशवी भरून ठेव.