तोलाईचा रकाना

दोंडाईचा. मार्केट यार्डाच्या मागे,
मिरची वाळते त्या पथारीला लागून माझी खोली.
खिडकी उघडली की ठसका,
म्हणून बंद खिडकीआड लिहिलेला प्रोग्राम आहे हा,
सात वर्षांपूर्वीचा, काटापट्टीचा:
वजन, बारदान, कटती, हमाली, तोलाई,
आणि सगळं जाऊन हातात आलं किती.

फुकट ठेवला. आतल्या ओळीही उघड्या ठेवल्या,
कुणीही वाचाव्यात, मोडाव्यात, नव्याने जोडाव्यात.
झुंबरशेठ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"फुकट देस, तं त्यामां काय खोट शे?"
मी म्हटलं, असेल तर शोधा, मलाही सांगा.
त्यांना तो विनोद वाटला.

खोट होतीच.
तळोद्याच्या प्रमिला वळवीने शोधली,
अर्ध्या पैशाची, बेरजेच्या शेवटच्या घरातली,
दर चिठ्ठीला व्यापाऱ्याकडे कलंडणारी.
रात्री दोन वाजता तिने दुरुस्ती पाठवली,
सोबत एकच ओळ: तपासून घ्या, मी अजून शिकतेय.
तपासली.
शिकलो मी.

मग खर्च आला. कुठल्यातरी शहरातलं भाड्याचं यंत्र,
ते जागं ठेवायला महिन्याला अठराशे.
प्रिंटर दुरुस्त करून मी जे मिळवतो
त्यातून अठराशे वजा केले की
घरी भाजीवरून बोलणं होतं.
म्हणून चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलं:
उपयोग होत असेल तर जमेल तेवढं द्या.
टाकून अर्धा तास बघत बसलो.
स्वतःच्याच लग्नात
आहेराच्या वहीपाशी बसल्यासारखं वाटलं.

पहिला आला एक रुपया.
खातं खरं आहे का, एवढंच पाहायचं होतं त्याला.
खरं निघालं. नंतर तो आला नाही.

आज सदतीस बाजारांत रोज नऊ हजार चिठ्ठ्या निघतात.
देणारे एकोणतीस.
मेव्हणा यशोधन कागदावर मांडून दाखवतो:
चिठ्ठीमागे सक्तीचा पाव रुपया लाव,
दोन वर्षांत धुळ्याला फ्लॅट.
गणित बरोबर आहे. त्याचं गणित चुकत नाही.
पण तो पाव रुपया शेवटी
कुठल्या रकान्यातून निघेल हे मला माहीत आहे,
रकाने मीच आखलेत.

प्रत्येकाला जागा आहे त्या चिठ्ठीत,
उचलणाऱ्याला, तोलणाऱ्याला, बाजार समितीला,
गोणीच्या तोंडाच्या सुतळीलासुद्धा.
लिहिणाऱ्याला नाही.
मुद्दाम ठेवला नाही, असं मी सांगतो.
खरं तर तेव्हा सुचलंच नव्हतं.

अकरा रुपये येतात, दर महिन्याच्या पाच तारखेला.
गुलाब धोंडू भिल.
कुठली पेढी म्हणून शोधत गेलो
तर पेढी नव्हतीच. गेट नंबर दोनचा हमाल,
डोक्याला पंचा, भुवयांत मिरचीची लाल धूळ.
विचारलं, तुम्ही का देता? तुम्ही तर वापरतही नाही.
गोणी खाली न ठेवताच बोलला,

"माले काम्पुटर येत नई, भाऊ.
पन पहिले हमाली गोळा लिखेत,
आते येगळी छापास.
मनी दखास.
पैसा मना पोऱ्या धाडस."

धाडस.
आमच्या बोलीत याचा अर्थ नुसता 'पाठवतो'.
पुस्तकात त्याला हिंमत म्हणतात
हे शाळेत गेल्यावर कळलं होतं,
आणि कधी उपयोगी पडलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत
तो गोणीसकट पुढे निघून गेला.
काट्यावर आकडा थरथरला, थांबला.
आतून प्रिंटरचा करकर आवाज.

या महिन्यात आतापर्यंत तेराशे चाळीस.
चारशे साठ कमी आहेत.
उद्या पाच तारीख.