निरीक्षण क्रमांक सात

नागभीडच्या अलीकडे, मेन रोड सोडून चार किलोमीटर आत
आमचं कनिष्ठ महाविद्यालय.
भौतिकशास्त्राच्या खोलीत सत्तावीस वर्षं
मी काच पुसतो, चाव्या सांभाळतो,
लोलक हलत राहिले तर हातानं थांबवतो.

यंदा देवयानी बोरकुटे म्हणाली,
ज्वालामुखी नको, पवनचक्की नको.
"निकुरे काका, मले फिरतं पानी पायचं हाय.
आन् जे पुरतं पानी नाई, थेही."

भंगारातली कूलरची मोटर, पंख्याचा रेग्युलेटर.
बरणी सरळ भिंतीची पाहिजे, पोट सुटलेली नको,
अशी बरणी शोधायला दोन आठवडी बाजार गेले.
बरणी फिरणार नाही. फिरेल ती फक्त
झाकणाखालची थाळी.
मखरातली उरलेली चमकी आत सोडली,
पुठ्ठ्याला ब्लेडनं चीर पाडली, मागं टॉर्च.
अंधारात उजेडाचं एकच उभं पान.

आधी पाणी.
चमकी थाळीखालून भिंतीकडे पळाली,
भिंतीवरून उतरली, तळाशी मधोमध आली,
आणि मधूनच वर.
गजभिये सर म्हणाले, बरोबर.
ढवळलेल्या चहाची पत्ती मधे जमते, त्यातलंच.
देवयानीनं लिहिलं : बाहेर.

मग जवस.
तिच्या आईनं अर्धा किलो उकळून
जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून दिलं होतं.
बोट बुडवून उचललं तर तार यायची,
पाकाची नव्हे.
शेंबडाची म्हणालो तर पोरी हसल्या,
पण तीच.

मोटर तीच. वेग तोच.
चमकी बाहेर गेलीच नाही.
थाळीच्या काठावरून आत आली, मधे गोळा झाली,
आणि आसावरून सरळ खाली उतरू लागली.
मी उठून वायरी पाहिल्या.
"उलटी जोडली का जी?"
नाही. थाळी सुलटीच फिरत होती.

सरांनी फळ्यावर लांबलांब रेणू काढले,
गोल फिरताना ताणलेले, आवळलेले.
मला फळ्यावरचं नाही दिसलं.
मला आमच्या गावचा खाती दिसला,
चाकावर लालभडक धाव चढवणारा.
वरून पाणी ओतलं की धाव चरचरायची,
आकसायची,
आणि सगळे आरे एकदम मधे दाबले जायचे.
नाव धाव,
आणि काम आवळायचं.
बोललो नाही. परिचराला कोण विचारतो.
देवयानीनं विचारलं. मग सांगितलं.
तिनं ते वहीच्या समासात लिहिलं, पेन्सिलनं.

अर्धं जवस, अर्धं पाणी केलं
तर एकाच बरणीत दोन भोवरे झाले,
वर एक, खाली एक,
मधली चमकी कुठं जावं ते न कळून
तिथंच लुकलुकत राहिली.

निखळ जवस पुन्हा भरलं
आणि तीन वीसला लाईट गेली.
थाळी थांबली.
पाणी असतं तर आपल्याच नादात
अजून दहा-बारा वेढे फिरलं असतं.
हे थबकलं.
आणि मागं वळलं.
पाव वेढा असेल, जास्त नाही.
चमकी सगळी एकदम,
दारापर्यंत जाऊन चप्पल विसरलेल्या माणसासारखी.
टॉर्च सेलवरचा होता म्हणून दिसलं.

निरीक्षण क्रमांक सात :
लाईट गेल्यावर द्रव मागे फिरतो.
सर म्हणाले, "मोटर बंद केल्यावर" असं लिही.
ती म्हणाली, पण बंद कोनी केली, सर?
वाक्य तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी खोली आंबूस वासली.
तरी आम्ही थाळी फिरवली.
चमकी भिंतीकडे पळाली,
खाली उतरली, मधून वर आली.
बोट बुडवलं. तार नव्हती.
वर थोडा फेस.

मी बरणी राखेनं घासली.
ती व्हरांड्यात आईला फोन लावून उभी :
"अजून अर्धा किलो लागन."
पलीकडून काहीतरी मोठ्यानं.
"खाल्लं नाई वं, माय.
फिरवलं."