कारीट पाठवता येत नाही

आमची दिवाळी पितृपक्षात लागते.
चरईतल्या गाळ्याचं शटर अर्धं ओढून,
वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या सासूबाई असतात,
या पंधरवड्यातलं तळण पितरांचं म्हणतात त्या,
खाली चकलीचा पहिला घाणा उतरतो.
बोटीला महिना लागतो.
दर्यापलीकडच्यांचं आधी,
घोडबंदरवाल्यांचं मग बघू.

माझ्याकडे पत्ते.
सोऱ्या धरला की माझं मनगट धरतं,
आणि अक्षर बरं आहे.
हौसाक्का तळते, सुगंधा भरते, मी लिहिते.
संध्याकाळी तिघींच्या केसांना वास मात्र एकच.

जग मला असं पाठ आहे:
दुबईच्या अनारशाला खसखस लावायची नाही,
तिकडे पकडतात, रवा लावायचा.
सिंगापूरलाही तेच.
ऑकलंडला जायचे लाडू बिनदुधाचे,
तरी पेटी उघडून पुन्हा चिकटवतात,
चिकटपट्टी आमच्यापेक्षा चांगली असते त्यांची.
चिवड्याला फॉर्मवर काय लिहायचं
यावर एकदा आम्ही तासभर भांडलो.
शेवटी लिहिलं, पोहे, तळलेले,
घरच्या खाण्यासाठी.
सुगंधा म्हणाली, मग दुसऱ्या कशासाठी असतात?

पुढे फोटो येतात.
ऑकलंडला पावणेआठपर्यंत ऊन,
पणत्या टेबलावर खोळंबलेल्या, पोरं जेवून झोपलेली.
बर्गेनला साडेचारलाच अंधार, त्यांचं बरं आहे.
मस्कतला नरकासुर शुक्रवारी मरतो,
इतरांकडे शनिवारी. सुट्टी बघून.
टोरांटोत फुलबाजीने भोंगा वाजला,
बंब आला. बंबवाल्यांना चकली दिली,
तर एकाने विचारलं, ही वळलेली का असते?
जोशांनी फोन करून ते आम्हाला विचारलं.
हौसाक्का म्हणाली, सरळ केली तर मोडेल.

तर टिपणीस. श्टुटगार्ट.
करंजीला कानवला लिहा म्हणणारे, वजन तेच.
यंदा म्हणाले, पेटीत एक कारीट घालाल?
एकच.
आई होती तोवर व्हिडिओवर दाखवायची फोडून.
पोरीला सांगतोय, तिला पटत नाही
राक्षस एवढासा असतो ते.

म्हटलं, ताजं फळ नाही जात हो,
बी नाही, माती नाही.
आणि भादव्यात आणू कुठून?
येऊरची भागी ती आणते आदल्या दिवशी,
स्टेशनबाहेर बसते, झेंडूशेजारी,
दहाला तीन.
त्यांनी बरं म्हटलं. फोन ठेवला नाही लगेच.

मग मी पुठ्ठा कापला.
बॉलपेनाने काढलं. लहान अंड्याएवढं,
अंगावर पट्टे, देठ जरा वाकडा आला.
खाली लिहिलं:
डाव्या पायाच्या अंगठ्याने.
रस जिभेला लावायचा.
कडू असतं.
कानवल्यांच्या थरावर ठेवलं, पेटी बंद केली.
फॉर्मवर ते लिहिलं नाही.

चतुर्दशीला पहाटे मी माझं फोडलं,
मोरीच्या उंबऱ्याशी, कोपरीत.
यंदाचं टणक होतं, दोनदा दाबावं लागलं.
फराळाला डब्यात तुकडे,
चकलीचे, शेवेचे, एक अख्खा कानवला
तळात कसा राहिला कोण जाणे.
तुटलेलं परदेशी जात नाही,
ते आम्ही तिघी वाटून घेतो, दरवर्षी.

साडेदहाला व्हिडिओ आला.
न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर माझा पुठ्ठा,
शाई पसरलेली,
आणि पट्ट्यांवर बरोब्बर बसवलेली
बरणीतली खारवलेली काकडी.
टॉवेल गुंडाळलेली पोरगी, केसांना तेल.
गोविंदा, म्हणते, आणि उजवा पाय.
डावा, डावा, असं मागून कुणीतरी.
पच्च.
वाकून बोट लावते, जीभ काढते,
डोळे मिटते.

आंबट!

कडू म्हण, बाप म्हणतो. कडू.
ती विचार करते. पुन्हा चाखते.

मी तीनदा लावून पाहिला.
तिन्ही वेळा आंबटच म्हणाली.