शेवटचं घर

अमळनेरात आमच्या गल्लीला नळ सातव्या दिवशी येतो.
सहा दिवस मी त्याच्यासाठी ताकद साठवते:
केस विंचरत नाही,
फोन उचलत नाही,
भाकरीऐवजी खिचडी.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फाइल उजेडाला धरून पाहिली.
रक्त चांगलं, थायरॉइड चांगलं,
"जरा मोकळ्या हवेत फिरा."
मोकळी हवा! वैशाखात इथं
कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पोट टेकून असतात.
त्यांना कुणी रिपोर्ट मागत नाही.

सिंधूआत्या आखाजीला आल्या,
मला पलंगावर बघून म्हणाल्या,
"काय व्हयनं वो तुले? तोंडवर ते लाली शे."
मी हसले.
त्या हसण्याचं भाडं दुपारी भरलं,
दोन तास, भिंतीकडे तोंड करून.

आज पहाटे चारला नळ.
अर्धा ड्रम झाला आणि मी
बादली उपडी घालून तिच्यावर बसले,
हात खांद्यापासून दुसऱ्या कुणाचे.
पालिकेचे हिलालभाऊ
व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर घेऊन चाललेले, थांबले.
"तुमचं घर लाइनीच्या शेवटाला, ताई.
टाकी भरलेली आहे, पाइप कुठं फुटलेला नाही,
फक्त जोर पोचत नाही."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल
कुणी इतकं नीट बोललं नव्हतं.
ते नळाबद्दल बोलत होते, माहीत आहे.
तरी मी
ऐकू आलं नाही म्हणाले,
पुन्हा म्हणायला लावलं.

करंगळीएवढी धार.
ड्रम राहिला तर राहू दे अर्धा.
केस आज विंचरीन,
बहुतेक
एकाच बाजूचे.